माशाचा पासपोर्ट फोटो

प्रिय चिंगीस,

थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. मेहुण्यांना नमस्कार सांग, आणि त्यांच्या गुडघ्यालाही वेगळा सांग, कारण मागच्या खेपेला तुझ्या घरातली सगळी माणसं त्या गुडघ्याभोवतीच फिरत होती. आता तो जिना चढतो का, की अजून जिना दिसला की मेहुणे आधी उसासा टाकतात आणि मग पाऊल? तुझी पाठ कशी आहे? वाकून बादली उचलू नकोस असं डॉक्टर म्हणाले म्हणून तू बसून बादली उचलतेस, हे मला कळलेलं आहे. आमच्याकडे सगळं ठीक. माझे डोळे, माझे दात आणि तुझी वहिनी, तिन्ही जागच्या जागी आहेत. त्यांतली धार मात्र एकाच ठिकाणी शिल्लक आहे आणि ती दातांत नाही.

तू म्हणशील, दादाला फोन असताना पत्राचं खूळ कुठून सुचलं. अगं, फोनवर तू मला बोलू कुठं देतेस? मी "ऐक तर" म्हणेपर्यंत तू भाजी, भाडेकरू आणि शेजारणीची सून एवढ्या ठिकाणी जाऊन परत येतेस. पत्राला निदान मध्ये बोलता येत नाही. आणि जे सांगायचंय ते सलग सांगितलं तरच सांगून होईल, तुकड्यातुकड्यांनी सांगायला गेलो तर मी मधेच पळून जाईन. परवा तू म्हणालीस की बारकीचा मासा इतके महिने अडकून पडला म्हणजे पोरीनंच काहीतरी धांदरटपणा केला असणार, लहानपणी बूट उलटसुलट घालून शाळेत जायची तीच ही. पोरीनं ते ऐकून घेतलं. (फोन स्पीकरवर होता, मी शेजारी बसून शेंगदाणे सोलत होतो. त्यानंतर एकही शेंगदाणा घशाखाली उतरला नाही.) तर चिंगे, तुझ्या लेकीची चूक नखाएवढीही नव्हती. मासा अडकला तो तुझ्या या सख्ख्या भावामुळे. आता मुळापासून सांगतो.

तुला एवढंच माहीत आहे की बारकीला समुद्रात नवा मासा सापडला. पण नवा मासा म्हणजे काय, हे मलाही आधी कळत नव्हतं. मी आपला समजत होतो की नुकताच जन्मलेला असेल. तसं नाही. मासा बिचारा जुनाच आहे, त्या पोवळ्यांच्या खडकात त्याच्या पणज्याच्या पणज्यापासून बिनभाड्याचा राहतोय. फक्त त्याच्याकडं आजवर कुणी नीट बघितलेलं नव्हतं. बोटाएवढा जीव. खडकाच्या कपारीत छताला पोट लावून उलटा पोहतो, म्हणजे आपण ज्याला छत म्हणतो ती त्याची जमीन. (आपले धाकटे काका जेवल्यावर ज्या पद्धतीनं पलंगावरून डोकं खाली सोडून पडायचे ते आठव. तस्सा.) आता असा मासा दिसला म्हणून "सापडला हो" असं ओरडून भागत नाही. त्याचं रीतसर वर्णन लिहावं लागतं. लांबी किती, जाडी किती, परांना काटे किती, खवल्यांच्या ओळी किती, आणि मुख्य म्हणजे त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या भाऊबंदांपेक्षा हा वेगळा कशात. मग तो मासा औषधात बुडवून बरणीत घालून संग्रहालयात ठेवायचा, फोटो जोडायचा आणि सगळं एका शास्त्राच्या मासिकाला धाडायचं. तिथले जाणकार ते तपासतात, आणि छापून आलं की मगच मासा माणसांच्या लेखी जन्मला. एका मुलीनं मला इतकी वर्षं मामा म्हटलं, पण तिचं काम काय ते मला यंदा कळलं बघ.

यात एक मेख आहे. जो आधी छापेल त्याचा मासा. बारकीच्या कानावर आलं होतं की कुठल्या दुसऱ्या देशातली मंडळीही अशाच एका माशाच्या मागावर आहेत. शिवाय तिच्या संस्थेत तिची नोकरी कायम करायची की नाही, हे ठरायचं होतं ते या एका माशावर. म्हणजे बोटाएवढ्या जिवाच्या पाठीवर पोरीनं सगळा संसार ठेवलेला. हे ती तुला सांगणार नाही, कारण तू लगेच "बँकेची परीक्षा दे म्हटलं होतं" असं सुरू करशील. बरोबर ओळखलं की नाही?

आता फोटो. चांगला फोटोवाला शोधण्यापेक्षा ती हक्कानं मामाकडं आली. माझा स्टुडिओ तुला पाठ आहे, पण मेहुणे कधी आत आले नाहीत (नेहमी दारातूनच "चालू द्या" म्हणतात), म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून एक लांबट खोली. एका भिंतीला निळा पडदा, समोर फिरणारं स्टूल, ते फिरताना मांजरासारखं ओरडतं. आरसा, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा (दोरी नव्हती तेव्हा कंगवेही राहत नव्हते), आणि खिळ्याला एक काळा कोट. ज्यांच्याकडे कोट नसतो त्यांनी फोटोपुरता तो घालायचा. त्या एका कोटात आमचा अर्धा गाव परदेशी जाऊन आलाय. कोट मात्र इथंच.

बारकी बर्फाच्या पेटीत दोन मासे घेऊन आली. समुद्रातून थेट, अजून रंग उतरलेले नव्हते. तिनं काचेची एक अरुंद टाकी आणली होती, तिच्यात मासा उभा राहतो आणि परांना बारीक टाचण्या लावून ते पंख्यासारखे उघडून ठेवतात. मी पडदा सारखा केला, तुझ्या वहिनीच्या हातात दिवा दिला आणि गिऱ्हाइकाकडं बघून सवयीनं म्हणालो, "हनुवटी जरा खाली." कुणी हसलं नाही, कारण बारकी श्वास रोखून होती. मी विचारलं, "कुठली बाजू घेऊ, डावी की उजवी?" तर म्हणे, "डावी. जगातल्या सगळ्या माशांचे फोटो डाव्या बाजूनंच काढतात मामा."

"का गं?"

"पहिल्यापासून तसंच आहे."

"म्हणजे आमच्या कोटासारखं," मी म्हणालो. फोटो छान आले. बारकीला लगेच परत बोटीवर जायचं होतं, तिकडं फोनचा पत्ता नसतो. जाताना ती मासे औषधाच्या बरणीत घालून संग्रहालयात देऊन गेली आणि मला म्हणाली, "मामा, लेख मी पाठवलाय, त्यात सगळं लिहिलंय. आज काढलेल्यांतला सगळ्यात चांगला फोटो निवड आणि थेट मासिकाकडं पाठव." तिनं माझ्यावर टाकला तेवढा विश्वास, मेहुण्यांनी हुंडाबिंडा न मागता तुझ्याशी लग्न केलं तेव्हा मीही त्यांच्यावर टाकला नव्हता.

ती गेल्यावर मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि फोटो मोठा करून बघितला. चिंगे, इथून पुढचं सावकाश वाच. त्या माशाच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, एक केशरी डाग होता. मसुराच्या डाळीएवढा, कडेला किंचित निळसर. मी म्हटलं, अरेरे. जाळ्यात घासलं असणार. एवढा देखणा जीव, जन्माचा एकच फोटो, तोही जगभर जाणार, आणि गालावर ओरखडा. तुला माहीत आहे, मी हे काम कुणाकडे शिकलो नाही. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या काढायचे, तेव्हा भिंगात डोळा घालून मी स्वतःच शिकलो, आणि पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा तोही चुकत चुकत हाताखाली घातला. या सगळ्यात मी एकच धडा घेतला. गिऱ्हाईक आरशात दिसतं तसं द्यायचं नसतं, ते स्वतःला जसं आठवतं तसं द्यायचं असतं. नवऱ्यामुलीच्या कपाळावरचा फोड, आजोबांच्या डोळ्याखालच्या पिशव्या, कुणाच्या दातातली फट. कुणी सांगत नाही आणि कुणी तक्रारही करत नाही. हात आपोआप जातो. तसा तो गेला.

डाग काढला. गाल एकदम स्वच्छ, दुधासारखा. मग वाटलं, डोळा जरा लाल दिसतोय, प्रवासाचा शीण असेल. तोही पांढरा केला. मग शेपटीच्या टोकाला एक चीर होती, ती शिवली. मग नजर गेली पोटाकडं. (इथं मी थांबायला हवं होतं, हे मला आता कळतंय.) पोट जरा सुटलेलं वाटलं, म्हणून दोन्ही बाजूंनी किंचित आत घेतलं, नवरदेवाचं घेतो तेवढंच. मासा असा काही दिसायला लागला की त्याच्या आईनं ओळखला नसता, पण सून बघायला आलेल्यांनी पसंत केला असता. मी फोटो मासिकाला पाठवला, मूळ फोटोवरच नवा जतन केला, कारण एकाच फोटोचे दोन दोन नमुने ठेवून मला कधी गरज पडली नाही, आणि कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून दुसऱ्या दिवशीच्या पासपोर्टवाल्यांसाठी तयार ठेवलं. त्या दिवशी मला फार शांत झोप लागली.

मग जाणकारांचे शेरे आले. ते कुणाचे हे सांगत नाहीत, आपण नुसतं परीक्षक म्हणायचं. बारकी बोटीवरून परत येऊन ते वाचून सरळ स्टुडिओत आली आणि फिरत्या स्टुलावर बसली. स्टूल ओरडलं, ती नाही. परीक्षकाचं म्हणणं असं होतं: आपण लिहिता की हा मासा त्याच्या जवळच्या भावापेक्षा वेगळा आहे, कारण याच्या गालावर केशरी डाग आहे आणि भावाच्या गालावर नाही. फोटोत डाग दिसत नाही. संग्रहालयातल्या माशाच्या गालावरही दिसत नाही. मग हा नवा मासा कसा? आणि जाता जाता, आपण लिहिलेली पोटाची जाडी आणि फोटोतल्या पोटाची जाडी जुळत नाही, कृपया मोजपट्टी तपासा.

मी म्हणालो, "संग्रहालयातल्या माशावर का नाही डाग?"

"औषधात घातला की लाल-केशरी रंग उडतात मामा. सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तर फोटो काढतात. डागाचा पुरावा म्हणून जगात फक्त फोटोच होता." आणि मग ती माझ्याकडं बघून फार हळू आवाजात म्हणाली, "मामा, तू काही केलंस का?"

मी कोटाकडं बघितलं. कोटानं काही मदत केली नाही. "गालावरचा ओरखडा काढला," मी म्हणालो.

"आणि पोट?"

"किंचित."

आता तू सांग, मी काय अपेक्षा करायची. तिनं रडायला हवं होतं, निदान मला चार शब्द सुनवायला हवे होते. ती स्टुलावर बसल्याबसल्या हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग स्टूल फिरायला लागलं, मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि शेवटी ते पाणी कुठलं हे तिलाही सांगता येईना. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो आणि स्टूल मांजरासारखं ओरडत राहिलं. एवढ्यात तुझी वहिनी आतून आली. सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाली, "आमच्या लग्नाच्या फोटोत यांनी माझी हनुवटीच अर्धी काढून टाकली होती. माझ्या नशिबी परीक्षक नव्हता, नाहीतर हे लग्नही नामंजूर झालं असतं." बारकी पुन्हा सुरू झाली. मी एकटाच गंभीर होतो. कुणीतरी असायला हवं ना.

पण हसून झाल्यावर हातात काय, तर शून्य. मासिकानं सांगितलं, डागाचा नीट पुरावा आणा, मग बघू. नसेल तर लेख परत. आणि त्याच आठवड्यात बारकीला कळलं की त्या दुसऱ्या मंडळींनीही मासा पकडलाय. (त्यांच्याकडं मामा नसणार. काही लोक नशीब घेऊनच येतात.) म्हणजे आता एकच उपाय. पुन्हा समुद्रात जायचं, तसाच मासा पुन्हा शोधायचा आणि रंग उडायच्या आत, तिथल्या तिथं, बोटीवरच फोटो काढायचा. बारकी म्हणाली, संस्थेतला फोटोवाला नेते. मी म्हणालो, बाळ, ज्यानं डाग काढला त्यानंच तो परत लावला पाहिजे. तू मला ने. तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मग तुझ्या वहिनीकडं बघितलं. वहिनी म्हणाली, "हे जाणार असतील तर मीही येते. यांच्या हाताला कुणीतरी धरून ठेवायला हवं."

चिंगे, तुझा भाऊ आयुष्यात आंघोळीच्या बादलीपेक्षा खोल पाण्याजवळ गेलेला नाही. बोट म्हणजे मी समजलो होतो त्याच्या निम्मी होती. बोटवाला एका शब्दाचा माणूस. आम्ही चढलो तेव्हा म्हणाला, "बसा." मी विचारलं, पाणी फार हलतंय का? तर म्हणाला, "बसा." तुझी वहिनी जाऊन टोकाला अशी बसली जशी आपल्याच अंगणात बसली आहे. मी कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरून मधोमध बसलो. किनारा मागं पडला तशी पोटात थोडी चलबिचल झाली. थोडीच. आपण ज्याला म्हणतो ना, जेवल्यावर जरा जड वाटलं, तेवढीच. मी मनाला म्हटलं, गड्या, लाटा येतील नि जातील, फोटो राहील. आणि क्षितिजाकडं एकटक बघत राहिलो. क्षितिज एका जागी राहत नव्हतं, हा माझा दोष नाही.

बारकी हवेची नळकांडी पाठीला बांधून पाण्यात उलटी पडली (शास्त्रात तसंच पडतात म्हणे) आणि दिसेनाशी झाली. मग आम्ही वाट बघत बसलो. चिंगे, पोटची पोर पाण्याखाली असताना वर नुसते बुडबुडे बघत बसायचं, हे तू कधी केलं नाहीस म्हणून तुला बँकेची परीक्षा आठवते. मी ते केलं आणि मला सगळ्या परीक्षा आठवल्या. पहिल्या खेपेला ती रिकाम्या हातानं वर आली. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला बुडबुडे इतका वेळ एकाच जागी येत राहिले की बोटवाल्यालासुद्धा दुसरा शब्द सुचला, तो म्हणाला, "थांबा." आणि मग ती वर आली. तोंडातली नळी काढली, हातातली पारदर्शक पिशवी उंच धरली आणि हसली.

त्या पिशवीत तो होता. लवंगेच्या तेलाचा थेंब टाकून गुंगी दिली होती (आपण दाताला लावतो तेच, त्याला मात्र सगळ्या अंगाला), तरी जागा असताना जसा राहायचा तसाच, पोट वर करून उलटा. आणि गालावर तो डाग. आता काय सांगू. मी तो डाग पडद्यावर बघितला होता, मोठा करून बघितला होता, पण उन्हात ओल्या गालावर तो कधी बघितला नव्हता. जणू कुणी आत दिवा लावलाय आणि एवढंच भोक उघडं ठेवलंय. तो ओरखडा नव्हता, ती त्या माशाची ओळख होती, आणि मी ती एका बोटानं पुसून टाकली होती, का तर गाल स्वच्छ दिसावा म्हणून. इतकी वर्षं मी माणसांच्या चेहऱ्यावरून काय काय पुसलं असेल, याचा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला आणि पोटातली चलबिचल जरा वाढली.

मग सगळं भराभर झालं. टाकी लागली, काळं कापड लागलं, टाचण्या लागल्या, बारकीनं पर उघडले, डावी बाजू धरली. बोट वर, मासा खाली, मासा वर, बोट खाली. उजेड कडक, हात ओले. आणि नेमक्या क्षणी खटका दाबला गेला आणि फोटो निघाला. पुढं आणखी निघाले. तू म्हणशील, दादा, इतक्या हलत्या बोटीवर एवढा स्वच्छ फोटो कसा निघाला. अनुभव, दुसरं काय. स्टुडिओत आल्यावर मी तो फोटो मोठा करून बघितला. डाग होता. पोट होतं. डोळा लाल होता आणि शेपटीला पुन्हा तशीच चीर होती (म्हणजे चीरही जन्माचीच असते त्यांना, बघ). माझा हात सरकायला लागला तेव्हा मी तो दुसऱ्या हाताखाली दाबून बसलो आणि बारकीनं फोटो पाठवून दिला. एका तिळाचाही फरक न करता.

चिंगे, छापून आलं. त्या दुसऱ्या मंडळींच्या थोडं आधी आलं. त्यांनी बारकीला अभिनंदनाचे दोन शब्द पाठवले, वाचताना दात खाल्ल्याचा आवाज येतो. पोरीची नोकरी कायम झाली. आणि माशाचं नाव तिनं काय ठेवलं माहीत आहे? शास्त्रवाले ज्या जुन्या भाषेत नावं ठेवतात त्या भाषेत त्याचा अर्थ होतो, "गालावर खूण असलेला". मी विचारलं, असं का? तर म्हणे, "आता तू डाग काढायचा म्हटलास तरी नावातून कसा काढशील, मामा?" मी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

लेखात फोटोखाली "छायाचित्र" असं लिहून पुढं लेखिकेच्या मामीचं नाव पडलंय. ही छापणाऱ्यांची चूक. घाईघाईत मामाची मामी होते, व्हायचंच. मी दुरुस्ती मागवणार होतो, पण म्हटलं जाऊ दे, तेवढीच तिला मौज. आपण मोठं मन ठेवावं.

तर सांगायचं एवढंच की आता पोरीला फोन कर आणि चार चांगले शब्द बोल. धांदरट ती नाही, तिचा मामा आहे, आणि तो तिला तुझ्याकडूनच मिळालेला वारसा आहे. मेहुण्यांना सांभाळ, गुडघ्याला शेक दे, बादली उचलू नकोस.

तुझा,
दादा

ता.क. : एक राहिलंच. बारकी पुढच्या हंगामात मोठ्या बोटीवरून दूरच्या खडकांवर जाणार आहे, चांगले दोन-अडीच महिने. बोटीवर कायमचा फोटोवाला हवाय. मी तिला अजून बोललो नाही, पण माझी तयारी आहे, स्टुडिओला कुलूप लावू. अडचण एकच. हे तुझ्या वहिनीला कुणी सांगायचं? मी सांगितलं तर ती माझ्या तोंडाकडं बघते आणि मी विषय बदलतो. तुझ्या शब्दाला ती मान देते. तेवढं तू सहज बोलता बोलता काढ, जणू तुलाच सुचलंय. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण लिहिता लिहिता बाकीचंही आलं.

ता.क. २ : माशाच्या फोटोची एक प्रत सोबत पाठवतोय, दिवाणखान्यात लाव. डाग तसाच आहे, हात लावलेला नाही. पोट फक्त तुझ्या प्रतीत जरासं आत घेतलंय. पाहुणे येतात तुझ्याकडं.

ता.क. ३ : वन्सं, हे माझं अक्षर आहे. पाकीट चिकटवायला हे गोंद शोधताहेत, तेवढ्यात वाचून काढलं. सगळं खरं आहे, फक्त बोटीवरचं सोडून. किनारा सुटल्यापासून हे बोटीच्या तळाशी बादलीला मिठी मारून पडले होते. माशाची पिशवी यांच्या डोळ्यांसमोर मी नेऊन धरली, तेव्हा यांनी डोळा उघडला, "डाग आहे" एवढं म्हणाले आणि तोंड परत बादलीत. कॅमेरा माझ्या हातात होता. बारकी "मामी, आता" म्हणायची आणि मी दाबायची. इतकी वर्षं शेजारी दिवा धरून उभी आहे, एवढं आलं नसतं तर नवल. छापणाऱ्यांची चूक झालेली नाही. फोटोंना हात लावायची सवय आत्ता कुठं सुटतेय, तर आता पत्राला हात लावायला लागलेत. मोठ्या बोटीचं म्हणाल तर बारकीनं मला मागेच विचारलंय आणि मी हो म्हणून बसलेय. हे इथं राहून पासपोर्टवाले सांभाळतील. मी सांगितलं तर तोंड एवढंसं करतील आणि माझाच पाय निघणार नाही. तुमच्या शब्दाला ते मान देतात, तेव्हा तेवढं तुम्हीच सहज बोलता बोलता काढा. पाकीट मी चिकटवते. गोंद माझ्याकडेच आहे.